वेबसाइटवरचा मानपान

लक्ष्मीपुरीतल्या इंगवल्यांच्या पंपाच्या दुकानात २००३ साली कॉम्प्युटर आला, तो बिलं करायला. चालवायचा कुणी, तर सुनेनं. कारण तिनं तीन महिन्यांचा क्लास केला होता आणि तिला पगार द्यावा लागत नव्हता. सुनेचं नाव पूर्णिमा. हे नाव सासऱ्यांनी, म्हणजे हंबीररावांनी निवडलं आणि लग्नात नवऱ्यानं, विजयसिंहानं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. त्याआधी चोवीस वर्षं ती मुरगूडची शांभवी मगदूम होती आणि मनातल्या मनात अजूनही तीच होती. तांदळातल्या त्या नावाची तिला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. दुसऱ्या कुणाचा घामेजलेला ब्लाऊज अंगात घातल्यासारखं वाटायचं.

दुपारी गिऱ्हाईक नसे. त्या वेळात तिनं एका पातळ पुस्तकावरून वेबसाइट करायला घेतली. नोटपॅड उघडायचं, टोकदार कंसांत सूचना लिहायच्या, सगळं फ्लॉपीवर घ्यायचं आणि भाजी आणायला म्हणून बाहेर पडलं की नेट कॅफेत बसून ते फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी कंपनीकडं चढवायचं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन दिसत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी लिपीत. पांढरं पान, वर नाव: शांभवी मगदूम. खाली भालाफेक, विद्यापीठाच्या स्पर्धेत दुसरा नंबर, छत्तीस मीटर. मग मैत्रीण प्रेरणा, जी एसटीच्या टपावर चढून तिचा भाला बांधून द्यायची. बास. आपलं नाव आपल्या हातानं लिहिलेलं जगात कुठंतरी असावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

विजयसिंहानं एकदा ते पान बघितलं आणि कौतुकानं वडलांना दाखवलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. हंबीररावांनी चष्मा लावून पडदा न्याहाळला आणि पहिलं काय विचारलं, तर देव कुठं हाय? इंगवल्यांची वेबसाइट आणि वर जोतिबा न्हाय? विजयसिंह म्हणाला, ते जुनं नाव तेवढं काढ, लोकांचा उगाच घोटाळा होतो. तिनं काढलं. आपलं भाल्याचं पान मागं कुठंतरी कोपऱ्यात राहील, अशी तिची समजूत होती. मूर्खपणा, दुसरं काय.

मग लग्नपत्रिकेसारखी ती वेबसाइट भरत गेली. वर देव, देवाच्या दोन्ही बाजूंना गरगर फिरणाऱ्या समया. त्याखाली कैलासवासी पणजोबा, कैलासवासी आजोबा, मग फेटा बांधलेले हंबीरराव, आणि सुनेसकट घरच्या सगळ्यांचा एक फोटो. पेठ वडगावचे गणपतराव हे हंबीररावांचे मेहुणे. आपलं नाव चुलत घराण्याच्या खाली आलं म्हणून ते महिनाभर दुकानाकडं फिरकले नाहीत. शेवटी त्यांचं नाव तांबडं आणि लुकलुकतं करून तिला भांडण मिटवावं लागलं. तांबड्या नावावर ते साठीचे गृहस्थ खूश झाले. पुढं पंप घेणारी गिऱ्हाइकंही आपापले फोटो घेऊन येऊ लागली, शुभेच्छुकांत टाका म्हणून. फुकटची जागा भरत आली तेव्हा विजयसिंहानं सुचवलं, ते भाल्याचं पान तसंही कोण बघतंय? तेही गेलं. सगळ्यांच्या तळाला, बायकांच्या रांगेत, दोन्ही नणंदांच्या खाली एक ओळ उरली: सौ. पूर्णिमा विजयसिंह इंगवले. तीही तिनंच टाइप केलेली. स्वतःच्या बोटांची किळस येते म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं.

पानाच्या शेवटी पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची सोय होती. दुकानात फोनवरून नेट आल्यापासून हंबीरराव दर शनिवारी चहा मागवून सुनेकडून ते अभिप्राय मोठ्यानं वाचून घेत. कौतुक ऐकताना त्यांचा हात मिशीवर जाई. एका शनिवारी गणपतरावही येऊन बसले होते. तिनं पहिला अभिप्राय वाचायला घेतला.

"घरच्या फोटोत उजवीकडून दुसरी उभी आहे, ती मुरगूडची शांभवी मगदूम का? भाला फेकायची ती. असेल तर तिला सांगा, प्रेरणा विचारतेय."

गणपतरावांनी हंबीररावांकडं बघितलं. हंबीररावांनी बशीतला चहा संपवला.

"चुकून आलंय कुणाचं तरी. आपल्यात शांभवी कुणी न्हाय. पुसून टाक ते."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. पण आठवत असलेला एक माणूस तिथंच बसला होता. विजयसिंहानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान घालून तो वॉशर निवडू लागला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याचा राग पुष्कळदा आला होता. आज राग नव्हता, नुसती शिसारी होती.

पासवर्ड तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. तो विचारून घ्यावा, हेही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सोमवारी दुपारी तिनं जोतिबाला हात जोडले आणि तिथूनच पुसायला सुरुवात केली. समया गेल्या, कैलासवासी गेले, फेटा गेला, लुकलुकणारे गणपतराव गेले. जुन्या पानाची प्रत तिनं ठेवली नव्हती, म्हणून सगळं आठवून पुन्हा लिहिलं. प्रेरणाचा अभिप्राय तेवढा राहू दिला आणि त्याच्याखाली आपला ईमेल टाकला. चार दिवस कुणाला पत्ता लागला नाही. त्या चार दिवसांत तिला जेवण गोड लागलं.

शनिवारी चहा आला, गणपतराव आले, हंबीररावांनी वाचायला सांगितलं. पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर माथ्याला एकच नाव होतं. ते विजयसिंहाला लांबूनच वाचता आलं आणि त्याच्या हातातलं काम थांबलं. हंबीररावांनी चष्मा पुसून अक्षरं जुळवली.

"ही कोण म्हणायची?"

"मीच की, आबा. अकरा वर्षं झाली, तुमच्यातच हाय."