पुलावर पाणी

हात आडवा, तळवा खाली. आधी घोट्यापाशी, मग गुडघ्यापाशी, मग कमरेला, छातीला आणि शेवटी गळ्याला. भांडून आलेल्या पोरासमोर गुरुजी असा हात वर वर नेत उभे राहायचे आणि विचारायचे, "कुठवर आलं पाणी?"

पोरगं नाक ओढत स्वतःच्या गळ्याला हात लावायचं.

"मंग पुलावर पाणी हाये बाप्पा. आता कोणी जायाचं नाई, कोणी यायाचं नाई. पहिले पाणी पे, मंग भांड."

आमची आश्रमशाळा भामरागडच्या बाजूला, नदीपलीकडे. तिथे पावसाळ्यात पूल बुडाला की बुडाला. मंत्री येवो की नवरदेव येवो, पाणी उतरेपर्यंत काठावर बसायचं. ही गोष्ट तिथल्या पहिलीतल्या पोरालाही कळते. गुरुजींनी रागाचा सगळा धडा तेवढ्यावरच बसवला होता. शाळेच्या अंगणात त्यांनी सागाची एक बल्ली पुरली होती आणि तिच्यावर चुन्याने पाच रेघा मारल्या होत्या. राग आलेल्या पोराने जिथवर पाणी आलं असेल तिथे लाल चिंधी बांधायची, रांजणातलं पाणी प्यायचं आणि बल्लीखाली बसायचं. राग उतरला की आपल्या हाताने चिंधी खाली आणायची. घाई नाही. गुरुजींच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, पण शिंप्याकडून आणलेल्या चिंध्या कायम.

मी घुग्घुसचा. माझे वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्या गल्लीत भांडण मिटवायची एकच रीत होती, ज्याचा दगड मोठा त्याचं खरं. नोकरी लागली आणि मी या जंगलात येऊन पडलो, तेव्हा माझी चिंधी बल्लीच्या टोकावरून उडून गेलेली होती म्हणा ना! तशात मला चंद्रपूरला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय, शाळेतले तंटे कसे सोडवावेत. परत येताना हातात एक पेटी दिली. तिच्यात चित्रांचे तक्ते, हसऱ्या-रडक्या तोंडांची कार्डं, खेळांची पुस्तिका. ती पेटी मांडीवर घेऊन मी दिवसभर एसटीत बसलो होतो, कुणाला तिच्यावर हात ठेवू दिला नाही.

दुसऱ्याच दिवशी पाचवीच्या वर्गात तक्ता लावला. सिग्नलचे तीन दिवे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे विचार करा, हिरवा म्हणजे बोला. "हे काय आहे?" मी विचारलं. आता ज्यांनी जन्मात सिग्नल पाहिला नाही ती पोरं काय सांगणार! शेवटी एक बारकी मुलगी उठली. तिला प्रश्न पडला की ती गप्प बसत नसे, हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

"सर, टेंभरं. हिरवं कच्चं, पिवळं पिकलं."

"आणि लाल?"

तिने बराच विचार केला. "ते टमाटर असन. चुकून आलं."

खिडकीबाहेर गुरुजी हसले. मोठ्याने. माझं डोकंच फिरलं. तक्ता ओढून काढला, पेटीत कोंबला आणि ताडताड खोलीवर निघून गेलो. थोड्या वेळाने गुरुजी पाण्याचा गिलास घेऊन दारात उभे.

"कुठवर आलं पाणी, घुग्घुसवाले?"

मी हात डोक्याच्या वर नेला.

"बरं, मंग मी बसतो," म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसले. चांगले अर्धा तास. मी पाणी प्यायल्यावर म्हणाले, "आता तुमची गोष्ट मी सांगतो. चुकली तं सांगा. तुमी घुग्घुसचे. माय घरी एकटी. इथी फोन लागत नाई. पेटी आणली तं वाटलं, चला, आता पोट्टे आपले होतीन. अन् हा बुडा बाहेर उभा राहून हासून राह्यला. असंच झालं ना?"

मला हो म्हणावं लागलं. आणि एकदा हो म्हटल्यावर भांडायला काही उरेचना. माणूस मला कायमचा आवडून गेला.

ही त्यांची दुसरी रीत. बल्लीवरची चिंधी उतरली की दोघांना समोरासमोर बसवायचं. पण स्वतःची बाजू मांडायची नाही. या पोराने त्याची गोष्ट सांगायची, त्या पोराने याची. समोरचा "हो, असंच झालं" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. जमलं नाही तर विचारायचं आणि पुन्हा सांगायचं. गुरुजी मध्ये बोलत नसत. कोणाचं चुकलं हे मी त्यांना कधी सांगताना ऐकलं नाही.

एकदा सातवीतले दोन पोट्टे एका खेकड्यावरून रक्त येईपर्यंत भांडले. एक म्हणे बीळ माझं, दुसरा म्हणे हात माझा गेला. इकडे यांची झोंबाझोंबी, तिकडे खेकडा सरळ स्वयंपाकघरात! आचारीबाई उपड्या पातेल्यावर चढून ओरडायला लागल्या. दोन्ही चिंध्या गळ्यावर. जेवणं आटोपली तेव्हा कुठे कमरेला आल्या. मग खेकडा धरणाऱ्याला गुरुजी म्हणाले, "सांग याची गोष्ट." पोरगं अडखळलं, मग त्याला विचारू लागलं. विचारता विचारता कळलं, की समोरचा तीन दिवस त्या बिळावर नजर ठेवून होता, कारण रविवारी त्याचा बाप भेटायला येणार होता आणि बापाला खेकडा आवडायचा. रविवारी त्या बापाला दोन खेकडे मिळाले.

मी माझी पेटी पुन्हा काढली ती गुरुजींच्याच सांगण्यावरून. "चांगली हाये ना ती! फक्त टमाटर काढून घ्या." मग सिग्नलच्या जागी आम्ही पुलाचं चित्र चिकटवलं. तोंडांची कार्डं पोरांनी स्वतः काढली. आम्ही दोघं तिथे होतो त्या चार वर्षांत शाळेत मारामाऱ्या संपल्या असं मी म्हणणार नाही, पण भांडून घरी पळून गेलेलं पोर परत आलंच नाही, असं पुन्हा झालं नाही. आमच्याकडे एक पोर घरी गेलं की शाळा सुटलीच समजा, म्हणून हे सांगतो.

आता ती बारकी मुलगी. दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या होत्या. सगळी पोरं घरी जायच्या गप्पा करत होती. तिने गुरुजींना विचारलं, "तुमी कधीच घरी नाई जात. काऊन?"

गुरुजींचं लग्न झालेलं नव्हतं. सुट्टीतही ते शाळेतच राहायचे. घरी फक्त थोरला भाऊ आहे, एवढंच मला माहीत होतं.

"भाऊ बोलत नाई माझ्यासंग," गुरुजी म्हणाले.

"तुमी त्याची गोष्ट सांगितली त्याले?"

गुरुजींचा हात खिशातल्या चिंध्यांकडे गेला. मुलगी उठली, रांजणातून गिलास भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. शप्पथ सांगतो, त्या माणसाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पाणी प्यायले, खिशातून चिंधी काढली, बल्लीकडे गेले आणि गळ्याच्या रेघेवर बांधली.

त्यानंतर अख्ख्या शाळेचं लक्ष त्या एका चिंधीवर. पोरं उठली की तोंड धुवायच्या आधी बल्ली पाहायची. आठ दिवस चिंधी गळ्यालाच. आचारीबाई मला म्हणाल्या, "गुरुजीचा पूर लय मोठा हाये हो." मग एका सकाळी ती छातीवर दिसली. शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी कमरेला होती. गुरुजी पिशवी घेऊन माझ्या मोटारसायकलपाशी उभे राहिले. "बापू, तुमची गाडी गोंडपिपरीवरून जाते ना?"

वाटेत आलापल्लीला चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात त्यांचे वडील गेले. निरोप आला तेव्हा पूल बुडालेला होता. गुरुजी तीन दिवस काठावर बसून होते. चौथ्या दिवशी गावी पोहोचले तर सगळं आटोपलेलं. भाऊ म्हणाला, नोकरीवाला झाला, बापाले विसरला. हे म्हणाले, माझ्यासाठी थांबले नाही तुम्ही. आल्या पावली परत फिरले, ते बारा वर्षं.

गोंडपिपरीजवळच्या त्यांच्या गावी पोहोचलो तेव्हा भाऊ अंगणात वाळत घातलेल्या धानापाशी बसला होता. यांना पाहून उठलाही नाही. गुरुजी उभ्याउभ्याच बोलू लागले. "दादा, मी तुझी गोष्ट सांगतो. बुडा गेला. तू माणूस धाडला. रस्त्यावर जाऊन वाट पाह्यली. पाव्हणे म्हणत होते, उशीर नका करू. तू दिवसभर थांबला. मंग एकट्यानंच अग्नी दिला. तुले वाटलं, हा मुद्दाम नाई आला. असंच झालं ना?"

भाऊ धान उलथवत राहिला. मग खालीच बघत म्हणाला, "दिवसभर नाई. दोन दिवस. आष्टीवरून बरफ आणला होता. बरफावर ठेवलं होतं बुड्याले, तुझ्यासाठी."

हे गुरुजींना ठाऊकच नव्हतं. बारा वर्षं माणूस धरून बसला होता की आपल्यासाठी कोणी थांबलं नाही, आणि घरचे दोन दिवस थांबले होते. गुरुजी तिथेच धानात बसले. "दोन दिवस," असं पुन्हा म्हणाले. "दोन दिवस थांबला तू."

"हो," भाऊ म्हणाला. मग हातातलं धान खाली टाकून, "अन् तुझी गोष्ट? मले काय माहीत तुझी!"

"मंग इचार ना."

वहिनी आतून पाण्याचे लोटे घेऊन आल्या. मी गाडी सुरू केली आणि निघालो. पुढचं त्या दोघांचं होतं. सुट्टीनंतर गुरुजी परत आले, पोरांच्या गराड्यात बल्लीपाशी गेले आणि चिंधी सोडून खिशात टाकली.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि भावाकडेच राहायला गेले. गेल्या श्रावणात ते वारले. बातमी कळली तेव्हा मी नदीपलीकडे शाळेतच होतो. आणि पुलावर पाणी.

चौथ्या दिवशी मी त्या अंगणात पोहोचलो. अंगावर चिखल, तोंड दाखवायची लाज. काय सांगायचं ते सगळ्या वाटेने जुळवत आलो होतो. भाऊ पडवीतून उठले आणि माझ्या हातात लोटा दिला.

"पहिले पाणी प्या."

प्यायलो. "दादा, मी..." असं म्हणालो तर त्यांनी हात केला. "थांबा. तुमची गोष्ट मी सांगतो. चुकली तं सांगा. बातमी भेटल्याबरोबर गाडी काढली तुमी. पूल बुडाला होता. दिवसभर काठावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मनात येऊन राह्यलं, हे लोक काय म्हणतीन, चार वर्षं संग राह्यला अन् आला नाई. असंच झालं ना?"

"दोन नाही, तीन दिवस," मी म्हणालो.

"तीन दिवस बसले काठावर," ते म्हणाले.

"हो. असंच झालं." आणि मला रडू आवरेना.

त्यांनी हात आडवा धरला, तळवा खाली. "आता कुठवर हाये पाणी?"

मी गळ्याला हात लावला.

"माझंही तिथवरच हाये," ते म्हणाले. "बसा मंग."

आम्ही पडवीत बसून राहिलो.