ओल धरणारी माती

मुलाने हॉलसाठी रबराचं झाड आणलंय आणि सकाळपासून तो गॅलरीत पेपर पसरून त्याच्यासाठी माती कालवतोय. लाल माती, कोकोपीट, जाडी वाळू, मूठभर शेणखत, तेही चाळून. गाव सोडताना मी शेतातली काळी माती पिशवीतून आणली होती. ती पुढे केली, तर म्हणाला, "ही नको गं आई. ही पाणी धरून ठेवते, मुळं कुजतील." पिशवी कचऱ्याच्या डब्याशेजारी गेली.

पाणी धरून ठेवते म्हणून तर पाऊस संपल्यावरही तिच्यात ज्वारी पिकायची. त्याच ज्वारीवर हा वाढला. धरून ठेवणं हा आता मातीचा दोष झालाय.

कुंडी भरल्यावर त्याने मातीत बोट खुपसून ओल पाहिली आणि घरात सगळ्यांना बजावलं, "याला आता हलवायचं नाही. जागा बदलली की झाड मान टाकतं. पानं गळली तरी घाई करायची नाही, रुळायला वेळ द्यायचा."

मग हात धुता धुता मला म्हणाला, "तुला अजून करमत नाही का इथे? सगळं तर आहे."

आणि नळ मोठा सोडला.