डास नसलेलं जंगल

ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे, तेव्हा पुस्तकातल्या एका धड्यावर माझा विशेष राग होता. उत्तरेकडची थंड सूचिपर्णी जंगलं, त्यांतले सजीव आणि निर्जीव घटक आणि त्यांचं एकमेकांवर अवलंबून असणं. हे मी मार्केट यार्डाच्या मागे राहून शिकवायचं! बर्फ मी पाहिला होता तो फक्त रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखालचा. म्हणून मी स्वतःची एक वही तयार केली होती, थोडी वाचून आणि बरीचशी तर्काने. तिथे पाऊस पुण्याइतकाही पडत नाही, तेव्हा जमीन कोरडी, असं मी ठोकून दिलं होतं. चालताना पायाखाली पाचोळा कुरकुरतो, अशी भरही पदरची घातली होती.

याच वहीवरून माझा धाकटा भाऊ बारावी झाला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पुढे तो इंजिनिअर झाला, हिंजवडीत नोकरीला लागला, मित्रांबरोबर तिकडेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागला. आणि एका जूनमध्ये कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी फिनलंडला पाठवायचं ठरवलं. मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. त्याच्याकडे मागितलं एकच. "माझं जंगल बघून ये. वहीत लिहिलंय तसंच आहे का, ते कळव." वही मीच त्याच्या बॅगेत चिवड्याच्या पिशवीशेजारी ठेवली.

दर आठवड्याला त्याची ई-मेल यायची. फोनचं काही जमत नाही म्हणाला, ते मला पटलं. कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत मी ती छापून घ्यायचे आणि वर्गात वाचून दाखवायचे. झाडं निमुळती, म्हणून बर्फ फांद्यांवर न साचता घसरून पडतो. गळालेल्या सुयांनी माती आंबट होते, थंडीमुळे त्या कुजायला वर्षं लागतात, म्हणून मातीला कस कमी आणि झाडं सावकाश वाढतात. हिवाळ्यात उंदीर बर्फाखाली बोगदे करून राहतात, कारण वर कितीही गारठा असला तरी त्या पांघरुणाखाली थोडी ऊब असते, हे तिथल्या माणसांनी सांगितलं म्हणे. शेवटच्या बाकावरची कायम झोपलेली मंडळीसुद्धा मान वर करून ऐकायची. "माझ्यावर नका ठेवू विश्वास, पण हा माणूस तिथे उभा आहे," असं मी ऐटीत सांगायचे. इतकी वर्षं जो धडा मी उरकून टाकायचे, तो आता छाती पुढे काढून शिकवत होते.

ऑगस्टमध्ये लायब्ररीत एक नवं जाडजूड पुस्तक आलं आणि माझी ऐट उतरली. तिथे पाऊस कमी हे खरं. पण थंडीमुळे पाणी उडून जात नाही, आणि खालची माती काही ठिकाणी गोठलेली, त्यामुळे जिरतही नाही. वर शेवाळासारख्या मॉसची जाड गादी. ती ऊन जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून माती थंड राहते. माती थंड म्हणून ओल टिकते, आणि ओलीवर मॉस आणखी माजतो. जागोजागी दलदल. उन्हाळ्यात त्या साचलेल्या पाण्यावर डासांचे थवेच्या थवे आणि त्या डासांवर जगणारे पक्षी. मी पुण्याच्या हिशेबाने एक परकं जंगल वाळवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. "कोरडी जमीन खोडा," म्हटलं. अकोल्याहून आलेली पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. मी शिंकले तरी लिहून घेणारी पोर ती.

"पण मॅडम, तुमचे भाऊ तं तिथंच आहेत ना? त्यांनी पण कोरडीच लिहिली. पाचोळा कुरकुरते म्हणून."

"रेताड उंचवट्यांवर असेल कोरडी," मी म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. पण तो कुरकुरणारा पाचोळा माझ्या मनाचा होता.

त्या संध्याकाळी मी त्याला एकच ओळ पाठवली. तिकडे डास फार आहेत का रे? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "काहीही काय, ताई! एवढ्या थंडीत डास कुठले? एकही नाही."

मी त्याच्या हिंजवडीच्या फ्लॅटवर फोन लावला. त्यानेच उचलला.

"तुला कळलं कसं?" माफी नाही, काही नाही, आधी हे. मग बाकीचं आलं. निघायच्या दिवशीच काम रद्द झालं, पेढे वाटून झालेले, कुठल्या तोंडाने परत येणार. एवढं मी समजूनही घेतलं असतं. पण त्याची पत्रं मी वर्गात वाचते, हे त्याला ठाऊक होतं. दर वेळी मीच कौतुकाने कळवत होते. तरी तो लिहीत राहिला. "निदान जंगलाचं तरी मी मनाचं काही लिहिलं नाही गं," तो म्हणाला. "सगळं तुझ्याच वहीतलं होतं." माझेच तर्क त्याने मला पुरावा म्हणून परत पाठवले होते, तेही याच शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून. मी फोन आपटला. ज्याला मी लहानाचा मोठा केला त्याने मला पोरांसमोर खोटं पाडलं, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

वर्गाला सांगून टाकलं, ती पत्रं खरी नव्हती. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मग एकेक वाक्य घेऊन बसलो. उंदरांचे बोगदे? ते खरं आहे, राहू दे. आंबट माती? राहू दे. पाचोळा? खोडा. पहिल्या बाकावरची मुलगी पान उलटता उलटता थांबली. एका पत्राच्या शेवटची ओळ मी ओघात वाचून गेले असणार, तिने तीही उतरवून घेतली होती. झाडांखाली एकटा उभा राहिलो की, ताई, तुझी फार आठवण येते.

"मॅडम, हे?"

हे माझ्या वहीतलं नव्हतं. सगळ्या पत्रांत त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक वाक्य. सगळा वर्ग पेन हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"खोडा," मी म्हणाले.