जालिंदरची पकड

पंचवीस वर्षं मी तमाशात राक्षस झालो, पत्र्याच्या तलवारीने शेकडो मुंडकी उडवली. खरं रक्त पाहिलं ते १९९६ साली, जामखेडला आमच्याच आळीत. ते जालिंदरचं होतं.

भिंगारचा हा गडी नगरच्या एका कॉलेजात ससे सांभाळायचा. तिथल्या मॅडम डोळ्यांना न दिसणारे औषधाचे कण बनवत. "तात्या, रक्ताच्या नळ्यांशेजारी पान्यावानी रस वाहायच्या नळ्या असत्यात," तो सांगायचा. "कण मोठा असला तर टोचला तिथंच बसतो, लई बारीक असला तर रक्तात पळतो. नेमक्या मापाचाच त्या नळ्यांत शिरतो." सशाच्या बोटात निळा रंग टोचला की त्या नळ्या रेघांसारख्या उमटत. घाबरलेला ससा लाथ मारून स्वतःचाच कणा मोडतो, म्हणून जालिंदर त्याला फडक्यात गच्च गुंडाळायचा.

आमच्या आळीत दिलेल्या त्याच्या बहिणीचा, यशोधराचा, पाय हत्तीरोगाने उखळाएवढा झाला होता. रसाची नळी कुठे तुंबली ते पाहायला पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या पायाच्या बोटांत तसाच रंग टोचला. तिला सासरी सोडून जालिंदर माझ्याकडे चहाला आला. निळ्या रेघा त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या. घरच्यांना सांगून ठेवावं, हे त्याला सुचलंच नाही.

किंकाळी ऐकून आम्ही धावलो. पायावर उमटलेल्या निळ्या रेघा पाहून तिच्या नवऱ्याने, महेंद्रने, तिच्या मांडीला दोर आवळला होता. हातात विळा.

"सरक! साप चावलाय! इख वर चढतंय!"

"दाजी, औषधाचा रंग हाय तो! ह्या पायाला चीर पडली तर जन्मात भरायची न्हाई!"

"मला शिकवतो?"

विळा खाली आला. जालिंदरने तो तळहातावर झेलला. दोन बोटं लोंबली, भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली. त्याच हाताने त्याने गोधडी ओढली, महेंद्रला तिच्यात गुंडाळून आपटलं आणि छातीवर गुडघा रोवला. महेंद्रने जालिंदरच्या मनगटाचा लचका तोडला. जालिंदरने त्याचं डोकं दोनदा फरशीवर हाणलं.

"ससा बी गप ऱ्हातो, दाजी!"

मी दोर सोडला. यशोधरा उठली आणि तांब्याने नवऱ्याला बडवत सुटली, "पाय माझा! मला इचारलं का रं?"

पायावर ओरखडाही नव्हता.

दवाखान्यात जाताना टेम्पोत महेंद्र रक्त थुंकत, मेव्हण्याचा हात उपरण्यात घट्ट दाबून बसला होता.

"दाजी," जालिंदर कण्हत म्हणाला, "दोन दिवस तिची लघवी बी निळी व्हईल. परत विळा काढू नका."