दुसरा टेक

आमच्या घरी भाकरीआधी पत्रक यायचं. वडील क्रांती चौकात पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं गिरवायची. त्यामुळं कुठंही अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, मग मागण्या.

शेततळ्यात बुडालेल्या मुलांवर माहितीपट करणाऱ्या मुंबईच्या दिग्दर्शिकेला सोबत नेमकी अशीच मुलगी हवी होती. गंगापूरकडं माझी आत्या राहते. तिचा मुलगा मेंढरांमागं गेला होता. तळ्यात पडलेलं कोकरू काढताना तळात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरला आणि बुडाला. आम्ही गेलो तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती. जीपमध्ये दिग्दर्शिका मला 'दुःखाचा आदर' समजावत होती. मी मान डोलवत होते. या विषयावर माझंही एक पत्रक होतं.

आमच्याकडं मयत झालेल्या घरी एखादी बाई पहिल्यांदा आली की घरची बाई तिच्या गळ्यात पडून रडते, गेलेल्याचं एकेक आठवून. मग डोळे पुसून चहा. ती बाई भेटली, विषय संपला. तिच्यासमोर पुन्हा तसं रडत नाहीत.

दिग्दर्शिका दारात उभी राहिली आणि आत्या तिच्या गळ्यात पडली. कॅमेरा चालू होता. दिग्दर्शिकासुद्धा रडली. नंतर कळलं, आवाज रेकॉर्डच झाला नव्हता.

"आत्या, परत एकदा कराल का?"

"आता कशाला? तू भेटलीस की. च्या घे."

चहासोबत संमतीपत्र आलं. तीन पानं, इंग्रजीत. मी त्याचं भाषांतर केलं, "सही कर आत्या, आपलीच माणसं हायेत."

दिग्दर्शिकेचा चेहरा इतका पडला होता की मला राहवलं नाही. प्रथा समजावली आणि पुढचं बोलून गेले, "आवाजवाली मुलगी अजून जीपमध्येच आहे. तिला आत्या भेटलेली नाही."

दिग्दर्शिकेनं माझे दोन्ही हात धरले. "तू फार संवेदनशील आहेस."

आवाजवाली केसाळ माईक दुसऱ्याच्या हाती देऊन दारातून आत आली. आत्यानं माझ्याकडं बघितलं. "ही बी माझ्या लेकासाठी आली?"

"व्हय," मी म्हणाले.

आत्या पुन्हा रडली. या खेपेला आवाज स्वच्छ आला.

त्यानंतर दर महिन्याला तिचा फोन. "त्या दोघींच्या घरी समदं बरं हाय ना? काय कमीजास्त झालं तर कळव बये. त्या आल्या व्हत्या, मला बी जावं लागतंय."

तीनदा मी 'बरं हाय' म्हणून फोन ठेवला. चौथ्यांदा खरं सांगितलं.

"म्हंजी त्या भेटायला नव्हत्याच आल्या."

"नाय."

"मग ते लोकायला दाखवू नको म्हणावं. ते भेटायला येणाऱ्यासाठीचं रडणं हाय."

मी तसं दिग्दर्शिकेला कळवलं. उत्तरात आत्याच्या सहीचा फोटो आला आणि खाली जोडलेले हात.

माहितीपट आमच्या शहरात लागला, नंतर चर्चाही ठेवली होती. गुलमंडीतून पत्रक छापून घेऊन मी सभागृहाच्या दारात उभी राहिले. पहिलीच ओळ होती: 'दुसऱ्या टेकची कल्पना माझी होती.' खाली एकच मागणी: ते दृश्य काढा. आतला एसी बंद असल्यानं पत्रकं हातोहात संपली; सगळे वारा घेत होते.

दिग्दर्शिकेनं मात्र उभ्यानं पूर्ण वाचलं. तिचे डोळे भरून आले.

"किती प्रामाणिक लिहिलंयस! चर्चेला स्टेजवर बसशील?"

"दृश्य काढणार का?"

"अगं, त्यावरच तर चर्चा आहे," ती म्हणाली, आणि सभागृहातले दिवे मंदावले. पडद्यावर आत्याचं दार दिसलं.