कापसेंचं पोट

उस्मानपुऱ्यात द्वारकाबाईंच्या मेसमधून कुणी उपाशी उठल्याचं ऐकिवात नाही. तसं धड उठता आल्याचंही फारसं ऐकिवात नाही. पोट भरलं की नाही हे ठरवायचा हक्क पोटाच्या मालकाला नसतो, असं बाईंचं ठाम मत होतं. आम्ही मेंबर लोक ताटावर दोन्ही हात आडवे धरून "मावशी, बास" म्हणायचो. बोटांच्या फटीतून भाकरी सरकवायची कला त्यांना अवगत होती.

त्यांचे यजमान सर्जेराव वाळूजच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. लग्नाच्या फोटोत ते काठीसारखे दिसतात. पुढचे फोटो आडवे काढावे लागले. ते फार बोलत नसत, कारण बोलायला तोंड रिकामं लागतं.

मेसला मेघा नावाची फार्मसीची एक मुलगी होती. तिला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला जायचं होतं आणि तिथल्या होस्टेलवर जनावर चालणार नव्हतं. म्हणून तिनं आपला पांढराशुभ्र ससा, एक पिंजरा, एक प्लास्टिकचा ट्रे आणि पिशवीभर वाळलेलं गवत बाईंच्या ओट्याशी आणून ठेवलं. सशाचं नाव कॉटन. त्याला दिवसभर गवत, जोडीला थोडी कोथिंबीर, मेथी, आणि गोड बिलकूल नाही, असं तिनं तीनदा समजावलं. बाईंनी तीनदा मान हलवली. मेघाची रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत पिशवी माळ्यावर गेली.

"गवत कशाला?" बाई म्हणाल्या. "माझं घर हाय का कोंडवाडा?"

नावाचंही त्यांनी लगेच मराठी करून टाकलं. कॉटनचे कापसे झाले. पाहुण्याला एकेरी हाक मारणं त्यांना पटत नव्हतं, म्हणून मग आम्हीही कापसे आले, कापसे झोपले, असंच म्हणायला लागलो.

कापसेंचा पाहुणचार सुरू झाला. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, दुपारी तूप लावलेली पोळी, संध्याकाळी केळं, आणि रविवारी आमच्याबरोबर फिस्ट. शिऱ्यातला बेदाणा त्यांना विशेष आवडायचा. तो आधी आम्हाला मिळत असे. आठवड्यातच कापसेंना चांगलं बाळसं आलं, असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला उचलून दाखवू लागल्या. कापसे हवेत लोंबकळत सर्जेरावांकडं बघायचे. सर्जेराव समजल्यासारखी मान हलवायचे.

अडचण आली ती दुसऱ्या टोकाला. बाईंनी शेजारच्या फर्निचरवाल्याकडून लाकडाचा भुसा आणून ट्रेमध्ये छान गादी केली होती. कापसे त्या गादीवर आराम करत आणि कामाला बाहेर जात. पाटाखाली, चपलांत, पाण्याच्या हंड्यामागं. सुरुवातीला निदान गोळ्या तरी होत्या, झाडूनं निघायच्या. मग त्या पातळ, चिकट झाल्या आणि कापसेंची मागची पांढरी पँट तपकिरी झाली. बाईंनी त्यांना कोमट पाण्यानं धुतलं आणि अशक्तपणा आला असेल म्हणून वर एक बिस्किट दिलं.

खरा हाहाकार एका दुपारी झाला. वाटाणे सोलता सोलता बाईंनी पाहिलं, तर कापसेंनी मान वळवून तोंड मागं नेलं आणि तिथून आलेलं ताजं ताजं तसंच खाल्लं. चवीनं खाल्लं. बाईंच्या हातातली शेंग गळून पडली. इतकी वर्षं गावाला जेवू घातलं, पण त्यांच्या स्वयंपाकाचं असं माप कुणीच काढलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या झाडू घेऊन कापसेंच्या मागं बसू लागल्या. काही पडायचा अवकाश, की केरसुपलीत. कापसे मान वळवायचे, तर जागा साफ.

आणि एका सोमवारी चमत्कार झाला. फरशी सकाळपासून लख्ख. पाटाखाली काही नाही, चपलांत काही नाही. बाईंनी आम्हाला वाढता वाढता अभिमानानं सांगितलं, की जनावर असलं तरी शिस्त लावली की लागते, माणसांचं मात्र सांगता येत नाही. हे सांगताना त्यांनी आमच्या खरकट्या ताटांकडं पाहिलं. कापसे कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसले होते. पुढ्यात बेदाणा तसाच.

सर्जेराव घास खाली ठेवून उठले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी कापसेंच्या पोटाला हात लावला. मग ट्रे हलवून पाहिला.

"शिकला नाय तो," ते म्हणाले. "बंद पडलंय त्याचं."

सर्जेरावांनी घास खाली ठेवला याचा बाईंना एवढा धक्का बसला, की त्यांनी लगेच उपचार सुरू केले. लहान पोराचं पोट धरलं की बेंबीला हिंग लावायचा, हा त्यांचा खात्रीचा उपाय. आता सशाची बेंबी शोधणं आलं. मी कापसेंना धरलं, बाईंनी एवढ्या केसांत ती बराच वेळ शोधली आणि शेवटी अंदाजानं सगळ्या पोटालाच हिंग लावला. कापसेंना फोडणीचा वास येऊ लागला. बाकी काही फरक पडला नाही. ते नुसते दात करकर वाजवत बसले. तेव्हा सर्जेरावांनी टोपली आणली, मी रिक्षा आणली, आणि आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडं निघालो.

डॉक्टर अभय हे तरुण आणि सोशीक गृहस्थ होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, कानाला नळ्या लावून ऐकलं, मग एकदा वास घेतला आणि तो विषय सोडून दिला. काय खायला देता, असं त्यांनी विचारलं. बाईंनी सांगायला सुरुवात केली. डॉक्टर आधी लिहून घेत होते. शिऱ्यापर्यंत आल्यावर त्यांनी पेन ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. सशाचं आतडं चालतं ते गवताच्या धाग्यावर. धागा मिळाला नाही आणि मैदा, साखर मिळाली, की आधी ते बिघडतं आणि मग थांबतं. खाणं आणि लेंड्या दोन्ही थांबल्या, की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उद्या आणला असता तर कदाचित उपयोग झाला नसता.

बाईंनी हे खाली मान घालून ऐकलं, पण एक गोष्ट त्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. इकडंतिकडं बघत, घरातली बदनामी सांगावी तशा दबक्या आवाजात त्यांनी कापसेंचं ते प्रकरण सांगितलं आणि झाडूचं आपलं कर्तृत्वही सांगितलं.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात, ते म्हणाले. एक कोरड्या, टाकायच्या. दुसऱ्या मऊ, त्यात जीवनसत्त्वं शिल्लक असतात. त्या तो परत खातो आणि त्यानं खायलाच पाहिजेत.

बाईंनी विचार केला. "म्हंजी रातचा भात सकाळी फोडणी घालून खाल्ल्यावानी?"

"तसं समजा," डॉक्टर म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. माझा थोडा उतरला, कारण त्यांच्याकडं माझा सकाळचा नाश्ता तोच असे.

कापसेंना कातडीखाली सलाइन दिलं, दोन इंजेक्शनं झाली. गवताच्या पिठाची पातळ पेज सुई नसलेल्या सिरिंजनं थोडी थोडी तोंडात सोडायची होती. डॉक्टरांनी एकदा करून दाखवलं आणि सिरिंज बाईंच्या हातात दिली. बाईंनी कापसेंना मांडीवर घेतलं. कापसेंनी तोंड फिरवलं. त्यांनी परत धरलं, परत तोंड फिरलं. हे तंत्र आम्हाला कधी साधलं नव्हतं. कुणाच्या घशाखाली अन्न उतरत नाही, हा प्रकार बाई बहुधा पहिल्यांदाच बघत होत्या.

"सासूबाई भाकऱ्या मोजून थापायला लावायच्या," त्या कापसेंकडं बघतच म्हणाल्या. "मी सगळ्यात शेवटी बसायची. टोपल्यात हात घातला की नुसतं फडकं लागायचं. तवाच ठरवलं, आपल्या घरात कुणाच्या हाताला फडकं लागू द्यायचं नाय."

सर्जेरावांनी टोपलीतला टॉवेल काढला आणि कापसेंची हनुवटी पुसली. तिसऱ्या वेळी पेज आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा आवाज आला तेव्हा आम्ही नाश्ता टाकून धावलो. ट्रेच्या कडेला एक बारीक, वेडीवाकडी, काळी लेंडी पडली होती. घरात नातू झाल्यावर माणसं जशी वाकून वाकून बघतात, तसे आम्ही सगळे वाकून बघत होतो. दुपारपर्यंत आणखी आल्या. संध्याकाळी कापसेंनी कोथिंबिरीची काडी आपणहून ओढली आणि बाईंनी पदरानं डोळे पुसून आम्हाला त्या दिवशी कमी वाढलं. आनंदात लक्ष नव्हतं.

माळ्यावरची पिशवी खाली आली. ती संपत आल्यावर बाईंनी अजिंठ्याकडच्या गावी असलेल्या भावाला, कडूबाला, फोन करून मारवेल गवत मागवलं. शहरात राहून बहिणीनं म्हैस घेतली, असं त्यानं गावभर सांगितलं. एसटीनं पोतं घेऊन आला, म्हैस शोधली, आणि ससा बघून बराच वेळ ओट्यावर बसून राहिला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून भुसा गेला, ट्रेमध्ये रद्दी पेपर आले आणि त्याच्या एका टोकाला गवताची जाळी टांगली. ससा खाता खाताच जातो, त्यामुळं गवत तिथंच ठेवलं की ट्रेची सवय लागते, असं ते म्हणाले होते. जेवायची अन् जायची जागा एकच, हे बाईंना पचायला कापसेंपेक्षा जास्त दिवस लागले. पण कापसे जाळीखाली बसून दोन्ही कामं एकदम उरकू लागले, चपला कोरड्या राहू लागल्या, आणि बाईंनी हे सगळं आपणच शोधून काढल्याचं शेजारीपाजारी सांगायला सुरुवात केली.

ट्रेनिंग संपवून मेघा आली ती रंगीत बिस्किटांचा पुडा घेऊन. तो पुडा पाहून बाईंनी तिला मैदा आणि आतडं या विषयावर उभ्या उभ्या जे ऐकवलं, ते फार्मसीच्या चार वर्षांत तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला पुण्यातच नोकरी लागली होती. कापसे इथंच राहू द्या, असं ती जाताना म्हणाली. बाईंनी खूप ओझं पडल्यासारखा चेहरा केला, पण हो म्हणायला पापणी लवू दिली नाही.

आता बाईंची कीर्ती पसरली आहे. बजाजनगरच्या कुणा दीपमालाताईंच्या सशाचं परवा पोट बिघडलं, तर त्यांनी डॉक्टरच्या आधी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. ऐन जेवणाची वेळ. बाईंनी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून आमच्या पंगतीसमोरच उभा केला आणि एका हातानं वाढत तपासणी सुरू केली.

"जवळ आणा. आणखी जवळ. गोल हायत का? आता एक मोडून दावा, आत कोरडी पायजे."

पडद्यावर दीपमालाताईंनी तळहातावर मूठभर घेऊन दाखवल्या. आमच्या ताटात त्या दिवशी काळ्या हरभऱ्याची उसळ होती.