आक्काची जीभ

आमच्या घरात एकवेळच चूल पेटे, तेव्हा आक्का दातांना मिश्री लावून भूक मारी. आईवडील गेलेले. आक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन, कडेवर चंपाला घेऊन सोलापुरास परत आलेली. ती गिरणीत दिवसभर उभी राही, म्हणून मी शाळेत बसलो. बसलो म्हणजे तिनेच बसवले. बाकावर जागा नाही असे हेडमास्तर म्हणाले, तेव्हा आक्का त्यांना म्हणाली, "मग तुमच्या खुर्चीत बसवा की. माझा भाऊ उभा ऱ्हायचा न्हाय." जागा निघाली. पुढे मी बी. ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. हे मी छाती काढून सांगतो... पण ती पदवी तिच्या जिभेने मिळवलेली आहे.

त्याच जिभेवर जखम झाली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, इलाज नाही. गल्लीने आपले निदान वेगळे केले. जन्मभर लोकांना तोडून बोलली, देवाने जिभेलाच हात घातला! समाचाराला आलेल्या बायका हे तिच्या उशाशी बसून बोलत. तिला ऐकू येते, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

बोलणे बंद झाल्यावर आक्काने पितळी पेल्याची भाषा केली. पेला भुईवर आपटला की हो, पालथा घातला की नाही. शेजारच्या गंगाकाकींनी चंपासाठी स्थळ आणले. आईच्या डोळ्यांदेखत अक्षता पडू देत, म्हणाल्या. आक्काने पेल्यातले पाणी भुईवर ओतले आणि पेला पालथा घातला.

ती गेली, आणि दिवस होतात न होतात तोच काकी तेच स्थळ घेऊन पुन्हा हजर. मी नको म्हटले. त्यावर म्हणाल्या, "शिकलास, पण शाणा न्हाय झालास. पोरीची जीभ आईवर गेलीया. आत्ताच उजवून टाक, न्हाईतर हिचंबी तसंच व्हायचं."

इतके दिवस चंपा रडली नव्हती, की धड बोललीही नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "काकी, बोलून जिभा सडल्या असत्या, तर आपल्या गल्लीत बोलाया कोण उरलं असतं?" आणि कोनाड्यातला पेला आणून तिने काकींपुढे पालथा घातला. मग आत जाऊन जी रडली...

रोग लागेल, नदीत टाका, असे सगळे सांगत होते. पेला आम्ही टाकला नाही. चंपा त्यातूनच पाणी पिते. गेल्या आठवड्यात तिचे नाव हायस्कुलात घातले. बाकावर जागा मिळाली.